पायातील बुरशी आणि डॉ. कार्टर

पावसाळ्यात नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात दिवसभर चिखलात काम केले की पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यामागे बऱ्याचदा बुरशी असते आणि ती हळूहळू नखातही शिरते. नख पिवळे पडते, जाड होते, त्याचा भुगा पडू लागतो. दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही. फार तर दुकानातून एखादे मलम आणून लावले जाते. पण ही बुरशीच आहे, हे कशावरून?

नेमका हाच प्रश्न मुंबई इलाख्यात (मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता) एका डॉक्टरला पडला होता. मात्र तो पायाच्याच, पण नखापेक्षा कितीतरी भयंकर अशा रोगाबद्दल होता.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर 1858 साली मुंबईत आले. ग्रे यांचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ त्याच वर्षी निघाला. त्यातील चित्रे कार्टर यांनी काढली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत असताना त्यांच्यापुढे अनवाणी चालणाऱ्या कष्टकऱ्यांचे सुजलेले पाय आले. पायावर गाठी, गाठींना छिद्रे आणि त्यांतून पुवाबरोबर बाहेर पडणारे खसखशीएवढे काळे किंवा फिकट कण. मदुरेच्या दवाखान्यातील गिल यांनी 1842 साली या रोगाची नोंद केली होती, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. काटा रुतून रोग आत शिरतो, हे पुढे कळले. तेव्हा खात्रीचा उपाय एकच होता, पाय कापणे.

चित्रकाराची नजर इथे कामी आली असावी. कापलेले पाय उभे चिरून कार्टर यांनी आतील कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काळ्या कणांत त्यांना फांद्या फुटलेले धागे दिसले. हा बुरशीचा रोग आहे, असे त्यांनी 1860 साली मांडले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. पुढे काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. 1874 साली या रोगावरचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पण एके ठिकाणी ते फसले. रोगट नमुन्यावर एक गुलाबी बुरशी उगवली. हीच गुन्हेगार, असे त्यांना वाटले. इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिला ‘कायोनिफी कार्टेराय’ असे नावही दिले. ती बुरशी बाहेरून आलेली उपरी निघाली! शुद्ध संवर्धनाची कॉख यांची पद्धत यायला 1881 साल उजाडायचे होते, तेव्हा कार्टर यांना दोष कसा द्यावा? 1894 साली व्हिन्सेंट यांनी अल्जीरियात फिकट कणांतून जो जीव वेगळा केला, तो तर बुरशी नव्हताच. तो धाग्यासारखा वाढणारा जीवाणू होता. म्हणजे एका नावाखाली दोन रोग नांदत होते. आज जीवाणूंचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बरा होतो. बुरशीचा मात्र चिवट असतो, त्याला वेगळी औषधे आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही लागते.

नखाच्या बाबतीतही अशीच फसगत होते. जाड, पिवळे नख सोरायसिसने किंवा बुटाच्या सततच्या दाबानेही होते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ नखाचा कीस पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवतात. त्यात केराटिन विरघळते आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. संवर्धनाला काही आठवडे लागतात, आणि तिथेही हवेतली उपरी बुरशी उगवून कार्टर यांच्यासारखा चकवा देऊ शकते. बुरशी ठरली तर टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. त्याआधी यकृताची तपासणी करतात. परदेशांत पायाचे स्वतंत्र तज्ज्ञ, पोडिआट्रिस्ट, जाड नख घासून पातळ करतात. आपल्याकडे हे काम बहुधा त्वचारोगतज्ज्ञच करतात. दुकानातल्या मलमात स्टिरॉइड मिसळलेले असेल, तर खाज थांबते आणि बुरशी मात्र फोफावते. औषध लागू पडले तरी पायाच्या अंगठ्याचे नवे नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जाते. तोवर जुने नख तसेच कुरूप दिसते आणि रोगी मध्येच औषध सोडून देतो.

वर्गात नखाचा कीस तपासू नये, ते रसायन दाहक आहे. ओलसर भाकरीचा तुकडा चार दिवस झाकून ठेवा आणि त्यावरची बुरशी पाण्याच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. नंतर हात साबणाने धुवा. कार्टर यांनी पाहिले तसे धागे मुलांना दिसतील. ती बुरशी भाकरीत मुळातच होती की हवेतून आली, हे मात्र मुलांनाच विचारा.