लष्करी हेलिकॉप्टर: सरावात काय जमतं, कुठे अडतं?

युद्धसरावाचे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर पाहिले असतीलच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोखरणला झालेल्या ‘वायुशक्ती’ सरावात अपाचे आणि प्रचंड ही हेलिकॉप्टर्सही होती. रॉकेट सुटतं, धूर उठतो, क्लिप संपते. पण हेलिकॉप्टरचं खरं गणित क्लिपमध्ये दिसत नाही. ते वजन, उंची आणि तापमान यांचं असतं.

जमेच्या बाजू

• धावपट्टी लागत नाही. छोटं मैदानही पुरतं.
• हवेत एका जागी थांबून दोरीने जवान उतरवता येतात.
• टेकड्यांआडून, जमिनीलगत उडत रडारपासून लपता येतं.
• चिनूक तर चार टनांहून जड एम-७७७ तोफ खाली लटकवून रस्ता नसलेल्या जागी पोहोचवतं.

मर्यादा

विरळ हवा: पंखे हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर उचललं जातं. उंची किंवा उष्णता वाढली की हवा विरळ होते आणि उचलता येणारं वजन घटतं. आपलं चीता हे फ्रेंच ‘लामा’चं भारतीय रूप. १९७२ मध्ये लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. पण त्यात एकटा वैमानिक होता आणि नको ते सगळं सामान काढलेलं होतं. सियाचीनला मात्र रेशन, औषधं, आजारी जवान न्यायचे असतात. तिथे एकेक किलो मोजावा लागतो.

धूळ: वाळवंटात उतरताना पंख्यांनीच उडवलेल्या धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते.

देखभाल: फिरते भाग खूप, म्हणून तपासणीही जास्त. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव सरावाच्या उड्डाणात कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टर्स तपासणीसाठी जमिनीवरच ठेवली गेली.

इंजिन बंद पडलं तर?

हेलिकॉप्टर लगेच दगडासारखं पडत नाही. खाली येताना हवेच्या झोतानेच पंखे फिरत राहतात आणि वैमानिक ते उतरवू शकतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. विक्रमानंतर लामाचं इंजिन बंद पडलं, तेव्हा वैमानिक असाच सुखरूप उतरला.

लक्षात ठेवा

सरावातलं लक्ष्य उलट गोळी झाडत नाही. युद्धात खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्रही हेलिकॉप्टर पाडू शकतं. म्हणून पुढचा व्हिडिओ पाहताना तीन गोष्टी बघा: जागा किती उंचावर आहे, ऋतू कोणता आणि हेलिकॉप्टरने नेमकं किती वजन उचललंय.