जकातेतर व्यापारनिर्बंध

देशी उद्योगांना परकीय स्पर्धेपासून संरक्षण देण्यासाठी, आयात मालावरील जकात न वाढवता, परवाने, आयातीचे कोटे, दर्जाविषयक अटी, आरोग्यनियम आणि तपासणीची रीत यांच्या द्वारे सरकार जे अडथळे उभे करते, त्यांना ही संज्ञा आहे. जकातीचा दर छापील असतो, व्यापाऱ्याला तो हिशेबात धरता येतो आणि विधिमंडळात त्यावर वाद घालता येतो. या निर्बंधांचा भार मात्र अंमलदाराच्या दप्तरात राहतो व माल नाक्यावर अडकून पडेपर्यंत तो पुरता कळत नाही, म्हणून जकातीपेक्षा हेच साधन अधिक जाचक मानले पाहिजे.

हा प्रकार जुना आहे. हिंदुस्थानातील छापील छिटांपुढे आपल्या लोकरी व रेशमी कापडाचा टिकाव लागेना, तेव्हा इंग्लंडने 1700 च्या कायद्याने त्यांच्या वापरास मनाई केली आणि 1721 मध्ये ती मनाई अधिक कडक केली.

कचेरीचा कारभार हाच निर्बंध कसा होतो, हे फ्रान्समध्ये दिसले. ऑक्टोबर 1982 मध्ये तेथील सरकारने असे फर्मावले, की आयात होणारा प्रत्येक व्हिडिओ रेकॉर्डर प्वातिए या, उत्तरेकडील बंदरांपासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावच्या नाक्यावरूनच सोडवून घ्यावा. त्या कचेरीत नोकरवर्ग मोजका होता. कागदपत्रे बारकाईने वाचायची, खोकी उघडायची आणि यंत्रांवरील क्रमांक ताडून पाहायचे, एवढ्या कामाने जपानी मालाच्या राशी गोदामांत साचल्या. जकात एका फ्रँकनेही वाढली नव्हती. पुढे 1983 मध्ये जपानने युरोपीय समुदायाकडे जाणाऱ्या या यंत्रांच्या निर्यातीवर स्वतःच मर्यादा घालून घेतली. तिला ‘स्वेच्छा’ म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु या प्रसंगी तो शब्द यथार्थ वाटत नाही.

भारतात 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परवानापद्धती दृढ झाली. जागतिक व्यापार करारातील अकराव्या कलमाने संख्यात्मक निर्बंध सामान्यतः निषिद्ध ठरवले असले, तरी परकीय चलनाची टंचाई असलेल्या विकसनशील देशांना अठराव्या कलमाने मुभा दिली होती व भारत तिच्यावर विसंबून होता. नवजात उद्योगांना या आडोशाचा आधार मिळाला हे नाकारता येत नाही. परंतु आडोसा दीर्घकाळ राहिल्याने ग्राहकाला निकृष्ट माल चढ्या भावाने घ्यावा लागला. 1997 मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, 1999 मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला, आणि उरलेल्या वस्तूंपैकी 714 वस्तूंवरील निर्बंध 1 एप्रिल 2000 रोजी, तर 715 वस्तूंवरील 1 एप्रिल 2001 रोजी उठले.

आरोग्यनियमांच्या बाबतीत निवाडा कठीण असतो. युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणास्तव 1 मे 2014 पासून भारतीय आंब्यास बंदी केली, तेव्हा कोकणातील बागायतदारांचे नुकसान झाले. परंतु त्या संघात आंब्याची लागवड नाममात्र असल्याने ती बंदी देशी बागायतीच्या रक्षणार्थ होती असे म्हणता येत नाही, आणि आंब्याच्या प्रक्रियेची व तपासणीची व्यवस्था भारताने सुधारल्यावर 2015 मध्ये ती उठलीही.