रूळ गेले, वाट राहिली

आगगाडीला चढ मुळींच मानवत नाहीं. बैलगाडी जेथें धापा टाकीत कां होईना चढून जाते, तेथें इंजिनाचीं पोलादी चाकें गुळगुळीत रुळांवर जागच्याजागीं फिरूं लागतात. म्हणून लोहमार्ग आखणाऱ्यास टेकडी लागली तर ती खोदावी लागते, ओढा लागला तर भराव घालावा लागतो आणि डोंगर आडवा आला तर त्याच्या पोटांतून वाट काढावी लागते. इतक्या श्रमांनीं तयार झालेला मार्ग अरुंद असला तरी सलग व सौम्य चढणीचा असतो. शेंकडों मालकांच्या जमिनींतून गेलेला हा अखंड पट्टा एकदां तुकडे होऊन विकला गेला, म्हणजे तो पुन्हां जोडणें जवळजवळ अशक्य होतें. अमेरिकेंत जुन्या लोहमार्गांच्या पायवाटा झाल्या, त्यांचा इतिहास हा मुख्यतः ही अखंडता राखण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

१९१६ सालीं त्या देशांत सुमारें २,५४,००० मैल लोहमार्ग होता. पुढें मोटारी आल्या, पक्के रस्ते झाले, मालाची ने-आण ट्रकांनीं होऊं लागली, आणि लहान गांवांकडे जाणाऱ्या शाखा तोट्यांत आल्या. कंपन्यांनीं रूळ उखडून भंगारांत विकले. मागें उरली ती खडी पसरलेली उघडी वाट.

शिकागो शहराच्या पश्चिमेस विजेवर चालणारी एक रेल्वे होती. ३ जुलै १९५७ रोजीं तिची प्रवासी वाहतूक भर दुपारीं बंद करण्यांत आली. सकाळीं त्या गाडीनें शहरांत गेलेल्या लोकांना सायंकाळीं घरीं परतण्यास गाडीच उरली नाहीं! कांहीं वर्षांनीं त्या ओसाड पट्ट्यावर अनेकांची दृष्टि वळली. तेव्हां मे थीलगार्ड वॉट्स या निसर्गशास्त्रज्ञ बाईंनीं १९६३ सालीं ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रास एक पत्र लिहिलें. इंग्लंडांतील सार्वजनिक पाउलवाटा त्यांनीं पाहिलेल्या होत्या. तशीच वाट या पट्ट्यावर व्हावी, आणि ती हातची जाण्यापूर्वीं व्हावी, असें त्यांचें मागणें होतें. त्या एका पत्रानें जी चळवळ उभी राहिली, तिच्यांतून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही पायवाट निर्माण झाली.

याच सुमारास शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांत दुसरा प्रयोग चालला होता. एलरॉय ते स्पार्टा हा सुमारें ३२ मैलांचा लोहमार्ग १८७३ मध्यें पुरा झाला होता. डोंगराळ मुलखामुळें त्यावर तीन बोगदे खोदावे लागले. त्यांपैकीं पहिले दोन प्रत्येकीं सुमारें पाव मैलाचे असून तिसरा ३,८१० फूट लांब आहे. हिंवाळ्यांत खडकांत झिरपणारें पाणी गोठून दगड फुटूं नयेत म्हणून बोगद्यांच्या तोंडांना प्रचंड लांकडी दरवाजे बसविलेले होते. गाडी येण्यापूर्वीं ते उघडावयाचे आणि ती गेल्यावर पुन्हां लावावयाचे, यासाठीं पहारेकरी नेमलेला असे. १९६४ मध्यें तेथील शेवटची गाडी गेली. पुढील वर्षीं राज्यानें तो सारा पट्टा अवघ्या १२,००० डॉलरांना विकत घेतला आणि १९६७ सालीं ती वाट लोकांस खुली केली. आज तेथें चालणारा पांथस्थ हातांत दिवा घेऊन तिसऱ्या बोगद्यांत शिरतो. छतांतून पाणी ठिबकत असतें, आणि सायकलस्वारालाही खालीं उतरून चालावें लागतें.

परंतु सर्वत्र इतका सोपा सौदा होण्यासारखा नव्हता. पुष्कळ ठिकाणीं रेल्वेनें जमीन विकत घेतलेलीच नव्हती. तिला मिळाला होता तो केवळ वहिवाटीचा हक्क. रेल्वे बंद झाली कीं तो हक्क संपावा आणि जमीन मूळ मालकाकडे परत जावी, हें उघड होतें. यावर तोड म्हणून १९८३ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायद्यांत दुरुस्ती केली. एखाद्या संस्थेनें बंद पडणारा मार्ग पायवाटेसाठीं चालविण्याचें, त्याची देखभाल, कर व जबाबदारी सोसण्याचें पत्करलें, तर तो मार्ग सोडून दिला असें मानावयाचें नाहीं. पुढेंमागें रेल्वेची गरज लागल्यास तो राखीव आहे असें समजावयाचें, असा त्या दुरुस्तीचा आशय होता.

यांत जमीनमालकांस अन्याय वाटला, तर नवल नाहीं. आजोबांनीं गाडीसाठीं वाट दिली, ती नातवाच्या अंगणांतून परक्या माणसांनीं फिरावें म्हणून नव्हे, हें त्यांचें म्हणणें मुळींच पोकळ नव्हतें. व्हरमाँट राज्यांतील एका दांपत्याचा असाच दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० मध्यें न्यायाधीशांनीं एकमतानें कायदा वैध ठरविला. मात्र मालकास नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग मोकळा आहे, असेंही सांगितलें. १९९६ मध्यें अपील न्यायालयानें सरकार भरपाई देणें लागतें, असा निर्णय दिला. पुढें २०१४ सालीं वायोमिंगमधील दुसऱ्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाचा कौल मालकाच्या बाजूनें पडला. तेथील लोहमार्ग १८७५ च्या कायद्यानें मिळालेल्या वहिवाटीवर होता, आणि तो रीतसर सोडून दिल्यावर सरकारचा त्यावर कांहींच हक्क उरला नाहीं, असें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं ठरलें.

या निकालांचें तात्पर्य श्रोत्यांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे. वाट लोकांची व्हावी हें खरें. पण ज्याच्या जमिनींतून ती जाते, त्याचें मोल चुकवूनच ती लोकांची व्हावी. आज त्या देशांत अशा पायवाटांची लांबी वीस हजार मैलांहून अधिक भरते, आणि राखीव ठेवलेल्या कांहीं थोड्या मार्गांवर पुन्हां रूळही पडले आहेत. रूळ विकत मिळतात, इंजिनेंही मिळतात. पण तुटलेली वाट पुन्हां सांधणें बहुधा कोणाच्याच हातीं राहत नाहीं. म्हणून ती तुटण्यापूर्वींच राखावी लागते.