रणभूमीवरून गेलेलीं चाकें

देशाचा इतिहास ग्रंथांत असतो, तसा तो रस्त्यांवरही असतो. आणि रस्त्यावरचा इतिहास वाचावयाचा तर फार वेगानें जाऊन भागत नाहीं. आगगाडींतून तो दिसत नाहीं, मोटारींतून अर्धामुर्धा दिसतो. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक चढ गुडघ्यांत आणि प्रत्येक खड्डा मनगटांत जाणवतो. फ्रान्सच्या लोकांनीं आपल्या भूमीचें असें वाचन शंभराहून अधिक वर्षें सायकलीवरून केलें आहे. त्या वाचनांतील सर्वांत कठीण पान १९१९ सालचें.

त्या सालाकडे येण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९०३ मध्यें पॅरिसच्या 'लोतो' या क्रीडाविषयक दैनिकाचा खप वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यानें 'टूर द फ्रान्स' ही देशाला फेरी घालणारी शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षीं ६० स्वार निघाले आणि त्यांतील २१ शेवटपर्यंत टिकले. सहा टप्प्यांत त्यांनीं २४०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापलें. हेतु व्यापाराचा होता, पण फळ त्याहून मोठें मिळालें. ज्या शेतकऱ्यानें आपल्या पंचक्रोशीबाहेर कधीं पाऊल टाकलें नव्हतें, त्याच्या दारावरून आतां सारा देश जाऊं लागला, आणि दूरच्या डोंगरांचीं व बंदरांचीं नांवें त्याच्या तोंडीं बसलीं. पुढें ही शर्यत देशाच्या कडेकडेनें फिरूं लागली. १८७१ मध्यें जर्मनीनें हिरावून घेतलेल्या मुलखांतील मेत्झ या शहरीं १९०७ पासून १९१० पर्यंत तिचा मुक्काम पडत असे. तेथील फ्रेंच नागरिक स्वारांचें स्वागत इतक्या उमाळ्यानें करीत, कीं पुढें जर्मन अधिकाऱ्यांनीं ही वाटच बंद केली. सायकलीच्या चाकांनीं काढलेली रेघ नकाशावरील रेघेला आव्हान देऊं शकते, हें त्यांना उमजलें होतें.

२८ जून १९१४ रोजीं स्वार पुन्हां पॅरिसहून निघाले. त्याच दिवशीं सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २६ जुलैला शर्यत संपली, आणि ३ ऑगस्टला जर्मनीनें फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलें. या युद्धानें शर्यतीचे तीन माजी विजेते नेले. १९०९ चा विजेता फ्रांस्वा फाबेर लक्झेंबुर्गचा नागरिक; तो परकीयांच्या पलटणींत दाखल झाला आणि मे १९१५ मध्यें आर्त्वाच्या लढाईंत पडला. १९१० मध्यें पिरेनीज पर्वतांतील तूरमाले खिंड शर्यतींत सर्वांआधीं ओलांडणारा ऑक्ताव लापीझ वैमानिक झाला; १९१७ मध्यें त्याचें विमान पाडण्यांत आलें. १९०७ आणि १९०८ अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकलेला ल्यूस्यां पेती-ब्रेतों हा त्याच वर्षाच्या अखेरीस सैन्यांत असतांनाच मोटारीच्या अपघातांत गेला.

११ नोव्हेंबर १९१८ रोजीं तोफा थांबल्या, तेव्हां उत्तर आणि पूर्व फ्रान्समधील एक लांबच लांब पट्टा ओळखूं येईनासा झाला होता. वेर्दंच्या परिसरांतील नऊ गांवें समूळ नष्ट झालीं होतीं. शेतांत खंदक, तारांचीं कुंपणें आणि न फुटलेले गोळे होते. झाडांचे बुंधे तेवढे उभे होते. कित्येक रस्त्यांची तर केवळ दिशाच उरली होती. अशा स्थितींत सहा महिन्यांच्या आंत शर्यती सुरू करण्याचें कोणीं मनांत आणावें, हें आज नवल वाटतें. परंतु वर्तमानपत्रांना वाचक हवे होते, कारखान्यांना गिऱ्हाईक हवें होतें, आणि लोकांना रस्त्यावरून रणगाड्याखेरीज दुसरें कांहीं तरी जातांना पाहावयाचें होतें.

पहिली शर्यत पॅरिसहून उत्तरेकडील रूबे या कापडगिरण्यांच्या शहरापर्यंतची. ती १८९६ पासून चालत आली होती. १९१९ च्या ईस्टरला ती पुन्हां भरली. मार्गाची पाहणी करण्यास गेलेल्या वार्ताहरांना चिखल, ढिगारे आणि जळकीं झाडें यांवांचून कांहीं दिसलें नाहीं, आणि त्यांच्या वर्णनांतून 'उत्तरेचा नरक' हें नांव जन्मास आलें. आज तें नांव ऐकून लोकांना त्या मार्गावरील दगडी फरसबंदीच आठवते; मुळांत तें तोफांनीं उकरलेल्या भूमीचें नांव होतें. आंरी पेलिस्ये यानें ही शर्यत जिंकली. वाटेंत आगगाडी आडवी उभी होती, तेव्हां तो सायकल घेऊन एका दारानें डब्यांत शिरला आणि पलीकडच्या दारानें उतरला. विजेत्याचा वेगही तासाला २३ किलोमीटरांपर्यंत पोहोंचला नाहीं, यावरून रस्त्याची कल्पना येईल.

त्याच एप्रिलच्या अखेरीस 'ल पती झुर्नाल' या दैनिकानें त्याहून धाडसी बेत तडीस नेला. त्या शर्यतीचें नांवच 'रणभूमींची फेरी' असें होतें. नुकत्याच परत मिळालेल्या स्ट्रासबुर्गहून निघून लक्झेंबुर्ग, ब्रुसेल्स, आमियां, पॅरिस, बार-ल-द्यूक, बेल्फोर असें फिरून पुन्हां स्ट्रासबुर्ग; सात टप्पे आणि सुमारें २००० किलोमीटर. ब्रुसेल्स ते आमियां हा टप्पा सर्वांत भयंकर ठरला. दिवसभर थंडी आणि पावसाचा मारा. त्यांतून सोमच्या उजाड रणांगणावरून वाट काढावयाची. बेल्जियन स्वार शार्ल दरूइतेर हा अठरा तासांहून अधिक काळ सायकल हांकून रात्रीं उशिरां पहिला पोहोंचला. मागें राहिलेल्यांपैकीं कांहींनीं शिपायांच्या सोडलेल्या खंदकांत अंग टेकून रात्र काढली. त्यांतले कित्येक स्वतः शिपाई होते. अशा आसऱ्यांचा वास त्यांना नवीन नव्हता. ८७ निघाले, २१ परत आले, आणि दरूइतेर विजयी झाला. ही शर्यत त्या स्वरूपांत पुन्हां झाली नाहीं. जेथें प्रेतें अजून पुरतीं उचललीं गेलीं नव्हतीं, तेथें टाळ्या वाजवाव्या कीं टोपी काढावी, हा प्रश्न तिनें उभा केला, आणि त्याचें उत्तर कोणाला देतां आलें नाहीं.

या उत्तरेकडील पट्ट्याशीं महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं नव्ह-शापेल या गांवावरील हल्ल्यांत ४७ व्या शीख पलटणीबरोबर पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. पूल आणि रस्ते बांधणारे हे लोक. त्या दिवशीं त्यांना गल्ल्यांतून हातघाईची लढाई करावी लागली आणि त्यांची भयंकर हानि झाली. १९२७ मध्यें तेथें भारतीय सैनिकांचें स्मारक उभें राहिलें. फ्रान्सच्या त्या सपाट मुलखांतून जाणाऱ्या सायकलस्वाराला एका वळणावर अशोकस्तंभाच्या धर्तीचा उंच खांब दिसतो, तो याच स्मारकाचा.

व्हर्सायच्या तहावर २८ जून १९१९ रोजीं सह्या झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशीं टूर द फ्रान्स पुन्हां सुरू झाली. अंतर ५५६० किलोमीटर. टायरांची टंचाई होती. कारखानदारांना स्वतंत्र संघ परवडत नव्हते, म्हणून त्यांनीं एकच मंडळ काढलें, आणि बहुतेक स्वार सारख्याच राखाडी सदऱ्यांत धांवूं लागले. त्या गर्दींत अग्रभागीं कोण हें प्रेक्षकांना कळेना, म्हणून १९ जुलैला ग्रनोब्ल येथें आघाडीच्या स्वाराला पिवळा सदरा देण्यांत आला. 'लोतो' पिवळ्या कागदावर छापलें जाई, हें त्या रंगाचें कारण सांगतात. तो पहिला सदरा यूजेन क्रिस्तोफ याच्या अंगांत चढला. लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवीत.

क्रिस्तोफ चौतिशींतला, मूळचा कुलुपें करणारा कारागीर. १९१३ मध्यें तूरमालेच्या उतारावर त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला होता. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाची बंदी. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत सेंत-मारी-द-कांपां या गांवीं आला, आणि तेथील लोहारशाळेंत स्वतःच्या हातांनीं घण मारून त्यानें चिमटा सांधला. त्यांत तीन तास गेले. एका पोरानें भाता ओढला, एवढ्यावरून पंचांनीं त्याला वर दंडही केला. विजय हातचा गेला.

सहा वर्षांनीं, युद्ध सोसून, तो पुन्हां अग्रभागीं होता. स्ट्रासबुर्ग आणि मेत्झ या परत आलेल्या शहरांतून पिवळा सदरा दिमाखानें गेला. पुढचा टप्पा मेत्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर, आणि तोही युद्धानें पोळलेल्या प्रांतांतून. फिर्मँ लांबो या बेल्जियन स्वारावर त्याची २८ मिनिटांची आघाडी होती. वालांसियेन शहराजवळ, दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर, चिमटा पुन्हां मोडला. पुन्हां कारखाना शोधणें, पुन्हां भट्टी, पुन्हां स्वतःचेच हात. तासाहून अधिक वेळ गेला, आणि दिवसअखेर लांबो पुढें होता. पॅरिसला लांबो जिंकला. क्रिस्तोफ तिसरा आला. अंतिम यादींत अवघीं दहा नांवें राहिलीं.

पुढें जें घडलें, तें शर्यतीच्या निकालाहून बोलकें आहे. 'लोतो'नें क्रिस्तोफसाठीं वर्गणी मागितली, आणि गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत लोकांनीं इतके पैसे पाठविले कीं ती रक्कम विजेत्याच्या बक्षिसाहून मोठी झाली. ज्यांचीं घरें पडलीं होतीं, ज्यांच्या शेतांत गोळे पुरलेले होते, ज्यांचे मुलगे परत आले नव्हते, त्यांना जिंकणाऱ्यापेक्षां मोडलेलें सांधून पुढें जाणारा माणूस अधिक जवळचा वाटला. तेंच काम त्या सालीं सारा देश करीत होता.

आतां ते रस्ते गुळगुळीत झाले आहेत. सोमच्या कांठीं गव्हाच्या शेतांमधून जाणाऱ्या स्वाराच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या थडग्यांच्या रांगा लागतात. रूबेच्या वाटेवरची जुनी फरसबंदी मात्र मुद्दाम राखून ठेवली आहे, आणि तिचे उखडलेले दगड स्वयंसेवक पुन्हां बसवीत असतात. सेंत-मारी-द-कांपां येथें क्रिस्तोफची स्मृतिशिला आहे. आणि उत्तरेकडच्या शेतांत नांगराच्या फाळाला अजूनही एखादा गंजका गोळा लागतो. शेतकरी तो उचलून रस्त्याच्या कडेला ठेवतो, आणि सायकलस्वार त्याला वळसा घालून पुढें जातो.