ग्रुप सायकलींचा, वाद राजकारणाचा: ऑफ-टॉपिक चर्चा म्हणजे काय आणि ती कशी आवरायची?

तुम्ही एखाद्या सायकलिंग ग्रुपमध्ये असाल, तर खालचा प्रकार तुमच्या ओळखीचा असेल.

समजा, शनिवारी रात्री ८ वाजता कोणीतरी मेसेज टाकतो, "उद्या सकाळी ६ ला हडपसरला भेटू, दिवे घाटाने सासवड." दुसरा लिहितो, "घाटात रस्त्याचं काम चालू आहे, बोपदेवने जाऊ." तिसरा विचारतो, "हे काम अजून किती वर्षं चालणार?" चौथा म्हणतो, "आधी ठेकेदार कोणाचा आहे ते बघा." पाचवा एका नेत्याचं नाव घेतो, सहाव्याला ते झोंबतं, आणि साडेनऊपर्यंत दीडशे मेसेज पडलेले असतात. त्याच गर्दीत सव्वानऊला एकाने लिहिलेलं असतं, "आत्ताच बोपदेव उतरून आलो. वळणावर खडी सांडली आहे, उतारावर सांभाळा." सकाळी निघालेल्यांपैकी निम्म्यांनी तो मेसेज वाचलेलाच नसतो.

ऑफ-टॉपिक चर्चेचं खरं नुकसान हे आहे. भांडणं होतात, लोक ग्रुप सोडतात, हे तर आहेच. पण ज्या कामासाठी ग्रुप काढला तेच काम बंद पडतं. या लेखात आपण बघू की हे का होतं, पूर्वी लोकांनी यावर काय उपाय केले आणि आज तुमच्या हातात कोणती साधनं आहेत.

ऑफ-टॉपिक म्हणजे नेमकं काय?

ग्रुप ज्या विषयासाठी आहे त्याच्या बाहेरचा मेसेज म्हणजे ऑफ-टॉपिक. आणि विषयातच सुरू झालेली चर्चा हळूहळू बाहेर सरकत जाते, त्याला विषय भरकटणं म्हणतात. वरच्या उदाहरणात कोणीही मुद्दाम राजकारण सुरू केलं नाही. प्रत्येक मेसेज आधीच्या मेसेजला धरूनच होता. फक्त पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले तर त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध दिसत नाही.

सायकलच्या गप्पा राजकारणाकडेच का जातात?

कारण सायकल रस्त्यावर चालते आणि रस्ता सरकारी असतो. सायकल ट्रॅक, खड्डे, पार्किंग, हेल्मेट, अपघातानंतरचा तपास, यातलं काहीही घ्या, शेवटी महापालिका किंवा सरकार येतंच. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यावर सायकलवाल्यांनी बोलायचं नाही, तर कोणी बोलायचं?

मुंबईचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पवई तलावाच्या काठाने सायकल आणि चालण्यासाठी ट्रॅक बांधायचं काम महापालिकेने सुरू केलं. तलावाच्या पर्यावरणाला धोका आहे म्हणून लोक कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. सायकल चालवणारा माणूस इथे दोन्ही बाजूंना असू शकतो. ट्रॅक हवा म्हणणाराही सायकलवालाच आणि तलाव वाचवा म्हणणाराही सायकलवालाच.

हेल्मेटचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. तेव्हापासून "हेल्मेट घालावं का" आणि "सरकारने सक्ती करावी का" हे दोन वेगळे प्रश्न जगभर एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रश्न सुरक्षिततेचा आहे, दुसरा सरळ राजकारणाचा.

आणि आपल्या देशात तर सायकल हे चक्क निवडणूक चिन्ह आहे! समाजवादी पक्षाचंही आणि तेलुगू देसमचंही. लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या भाड्याच्या सायकलींना लोक तेव्हाच्या महापौरांच्या नावाने 'बोरिस बाइक' म्हणू लागले. म्हणजे सायकल आणि राजकारण यांना पूर्ण वेगळं काढणं जमण्यासारखं नाहीच.

हा प्रश्न व्हॉट्सॲपने आणला का?

नाही. तो व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा आहे. १९८० मध्ये अमेरिकेत युजनेट सुरू झालं. विषयवार गट, आणि कोणीही लिहिलेला मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर पोचत जायचा. त्यात सायकलींचे गटही होते. १९८६-८७ मध्ये युजनेटच्या सगळ्या गटांची नव्याने मांडणी झाली. छंदांचे गट 'रेक' या मथळ्याखाली गेले आणि वादाचे विषय 'टॉक' या वेगळ्या मथळ्याखाली. राजकारण आणि धर्म यांना स्वतंत्र खोली देण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

सायकलींच्या गटाचेही पुढे भाग पडले: दुरुस्ती आणि तंत्रासाठी 'टेक', शर्यतींसाठी 'रेसिंग', सहलींसाठी 'राइड्स', खरेदी-विक्रीसाठी 'मार्केटप्लेस', इतर गप्पांसाठी 'मिस्क' आणि सायकलच्या सामाजिक प्रश्नांसाठी 'सोक'. कायदे, रस्ते, वाहनचालकांशी होणारे वाद यांना हा शेवटचा गट होता. तरी हेल्मेटचा वाद सगळीकडे डोकं वर काढायचाच. पण चाकाचे स्पोक कसे ताणायचे हे शोधणाऱ्याला निदान कुठे जायचं ते माहीत होतं.

युजनेटकडे तीन साधनं होती, जी आजच्या चॅटमध्ये दिसत नाहीत:

१. विषयाची ओळ बदलणं. चर्चा भरकटली की उत्तर देणारा विषयाच्या ओळीत नवा विषय लिहायचा आणि पुढे कंसात 'आधीचा विषय अमुक' असं टाकायचा. ज्याला नको तो ती ओळ बघूनच पुढे जायचा.

२. उत्तरं दुसरीकडे वळवणं. मेसेजला 'फॉलोअप-टू' नावाची एक ओळ जोडता यायची. तिच्यात दुसऱ्या गटाचं नाव लिहिलं की पुढची उत्तरं आपोआप त्या गटात जायची. भांडण थांबवायचं नाही, फक्त अंगणात न्यायचं!

३. किल फाइल. नको असलेला विषय किंवा माणूस वाचकाने स्वतःपुरता लपवायचा. बाकीच्यांना त्याचा त्रास नाही.

यातून सगळी भांडणं मिटली असं अजिबात नाही. माइक गॉडविन यांनी १९९० मध्ये मांडलेला प्रसिद्ध 'नियम' याच युजनेटवरचा. ऑनलाइन वाद जितका लांबेल तितकी कोणीतरी हिटलर किंवा नाझींशी तुलना करण्याची शक्यता वाढते, असं तो सांगतो. चाळीसएक वर्षांत माणूस काही फार बदललेला नाही.

मग चॅट ग्रुपमध्ये त्रास जास्त का होतो?

- सगळं एकाच रांगेत. चॅटमध्ये राईडची वेळ, पंक्चरची मदत आणि निवडणुकीचा वाद एकाच पट्टीत येतात. एक नको म्हणून वगळायचं तर सगळंच वगळावं लागतं. म्हणून लोक ग्रुप म्यूट करतात, आणि मग खडीचा मेसेजही दिसत नाही.
- तयार फॉरवर्ड. स्वतः चार ओळी लिहायला कष्ट पडतात, फॉरवर्डला फक्त बोट लागतं. भारतात जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲपने एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. वेग कमी झाला, पण प्रकार थांबला नाही.
- मत सगळ्यांकडे असतं. पार्किन्सन या लेखकाने १९५७ मध्ये एक गमतीचं उदाहरण दिलं. समितीपुढे अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर होतो, पण सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद चालतो, कारण शेड प्रत्येकाला कळते. हबचं बेअरिंग कोणतं घ्यावं यावर ग्रुपमध्ये तिघे बोलतील. कोणतं सरकार चांगलं यावर तीनशे.
- चढ नसतो. प्रत्यक्ष राईडला कितीही वाद होऊ द्या, घाट लागला की दम लागतो आणि वाद आपोआप थांबतो. ऑनलाइन गप्पांना असा चढच येत नाही.

सरसकट बंदी हा उपाय आहे का?

काही ठिकाणी लोकांनी तो केला आहे. विणकाम करणाऱ्यांच्या 'रॅव्हेलरी' या मोठ्या वेबसाइटने जून २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या उघड समर्थनाच्या मजकुरावर बंदी घातली. काहींनी स्वागत केलं, काही सोडून गेले, आणि विणकामाची साइट जगभर राजकीय बातमीचा विषय झाली.

सायकलच्या ग्रुपमध्ये 'राजकारण नको' एवढाच नियम केला, तर दोन अडचणी येतात. एक, खड्ड्याची तक्रारही राजकारण ठरवून कोणीतरी दाबतो. दुसरी, नियम संदिग्ध असल्यामुळे ॲडमिनच्या आवडीच्या पक्षाचे मेसेज राहतात आणि बाकीचे उडतात, असा संशय येतो. एकदा तो संशय आला की ॲडमिनचं कोणी ऐकत नाही.

म्हणून रेघ स्पष्ट ओढा. मेसेज टाकण्याआधी तीन प्रश्न विचारायचे:

१. यामुळे कोणाच्या राईडवर, रस्त्यावर किंवा सुरक्षिततेवर काही फरक पडतो का?
२. वाचणाऱ्याला यावर काही करता येईल का? म्हणजे तक्रार, हरकत किंवा सूचना?
३. पक्षाचं आणि नेत्याचं नाव काढून टाकलं, तर मेसेजमध्ये काही अर्थ उरतो का?

"सायकल ट्रॅकवर दुकानं लागली आहेत, वॉर्ड ऑफिसला तक्रार केली, तुम्हीही करा" हा मेसेज तिन्ही प्रश्नांना पुरून उरतो. "अमक्यांनी शहराची वाट लावली" यातून नाव काढलं की काहीच उरत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी आहे, कारण तो सगळ्या पक्षांना सारखाच लागू होतो.

ॲडमिनसाठी साधनं

- व्हॉट्सॲप: नोव्हेंबर २०२२ पासून 'कम्युनिटी' सोय आली. तिच्याखाली वेगवेगळे ग्रुप जोडता येतात आणि सूचनांसाठी एक वेगळा ग्रुप मिळतो, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात. राईडची वेळ आणि रस्त्याच्या धोक्याची माहिती तिथे, गप्पा दुसऱ्या ग्रुपमध्ये. मात्र धोका कळला की तो तिथे टाकायला दोन-तीन ॲडमिन हवेत. याशिवाय ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो, आणि कोणत्या ॲडमिनने केला तेही दिसतं.
- टेलिग्राम: मोठ्या ग्रुपमध्ये 'टॉपिक' तयार करता येतात. 'स्लो मोड' लावला की एका सदस्याला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. राग निवळायला तेवढा वेळ बऱ्याचदा पुरतो.
- डिस्कॉर्ड: वेगवेगळे चॅनल, प्रत्येकाला वेगळ्या परवानग्या आणि स्लो मोड. ज्याला नको तो फक्त राजकारणाचं चॅनल म्यूट करतो, राईडचं चालू ठेवतो.
- डिस्कोर्स: यात भरकटलेले मेसेज निवडून त्यांची वेगळी चर्चा करता येते. युजनेटच्या जुन्या युक्तीचं हे आजचं रूप.
- फेसबुक ग्रुप: एखाद्या पोस्टवरच्या कमेंट बंद करता येतात, पोस्ट तशीच राहते.

हा नियम कॉपी करून वापरा

"हा ग्रुप सायकलिंगसाठी आहे. रस्ते, सायकल ट्रॅक, वाहतुकीचे नियम यांवर जरूर बोला, पण मुद्द्यावर. पक्ष आणि नेते यांची स्तुती किंवा निंदा गप्पांच्या ग्रुपमध्ये करा. चुकून इथे आलं तर कोणताही ॲडमिन मेसेज काढेल आणि कारण सांगेल. हा नियम ॲडमिनलाही लागू आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि नियम लावताना पहिला मेसेज स्वतःच्या मताच्या माणसाचा काढलात, तर पुढचं काम खूप सोपं होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सदस्याने आक्षेपार्ह मेसेज टाकला तर ॲडमिन दोषी ठरतो का?*
मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला सदस्याच्या मेसेजसाठी जबाबदार धरता येणार नाही. पण मेसेज ॲडमिनने स्वतः टाकला असेल तर गोष्ट वेगळी.

*माझा मेसेज काढला, मग माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं काय?*
राज्यघटनेतला तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. खासगी ग्रुपला आपला विषय ठरवता येतो. तुम्ही तेच मत स्वतःच्या पानावर मांडू शकता.

*ग्रुप सोडला तर सगळ्यांना कळतं का?*
व्हॉट्सॲपवर आता सूचना फक्त ॲडमिनला जाते. मात्र मागच्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं, ही यादी सदस्यांना बघता येते.

*वाद सुरू झालाच आहे, आत्ता काय करू?*
कोण बरोबर हे ठरवायला जाऊ नका. "ही चर्चा गप्पांच्या ग्रुपमध्ये नेऊया" एवढंच लिहा, आणि लगेच खाली उद्याच्या राईडचा मेसेज पुन्हा टाका. वेळ, ठिकाण आणि हो, वळणावरची खडी.