इतिहासलेखन व आख्यायिका

जे घडले ते सांगणे हे इतिहासकाराचे आणि जे घडू शकेल ते रचणे हे कवीचे कार्य, असा भेद ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) आपल्या काव्यशास्त्रात केला आहे. रा. भि. गुंजीकरांच्या मोचनगडसारख्या (१८७१) ऐतिहासिक कादंबरीतील कल्पित भागाची वाचकास जाणीव असते. आख्यायिका मात्र सत्य म्हणूनच सांगितली जाते; त्यामुळे तिची चिकित्सा अधिक अवघड ठरते.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. संत नामदेवांना (१२७०–१३५०) पुजाऱ्यांनी मंदिरासमोर कीर्तन करू दिले नाही. ते मागील बाजूस गेले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ही कथा होय. मंदिरामागील नंदी स्थानिक परंपरेत याचा पुरावा म्हणून दाखविला जातो. तथापि वास्तूवरून फक्त बांधणीचा काळ अनुमानता येतो : तिचा खालचा भाग यादवकालीन, तर शिखराचा भाग उत्तरकालीन आहे. नंदीच्या स्थानावरून देऊळ फिरल्याचे सिद्ध होत नाही.

या कथेचा जुना आधार शिखांच्या आदिग्रंथात (१६०४) सापडतो. त्यात नामदेवांच्या नावावर ६१ पदे असून त्यांपैकी एका पदात हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले गेल्याची व्यथा आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे. स्थळाचे नाव मात्र नाही. कर्नाटकात उडुपी येथे कनकदासांसाठी कृष्णमूर्ती फिरली, अशी समांतर कथा प्रचलित आहे. संतचरित्रांत अशी कथाबीजे एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जातात. नामदेवांच्या जन्मस्थानाविषयीही मतभेद असून नरसी बामणी (जि. हिंगोली) व पंढरपूर हे त्यांतील प्रमुख पक्ष होत.

आख्यायिका जशीच्या तशी स्वीकारल्यास इतिहासाची कादंबरी होते. उलट, ती सर्वस्वी त्याज्य मानल्यास एक महत्त्वाचे साधन हातचे जाते. शिंपी कुळातील या संताचा अवमान, ज्यांची बाजू अधिकृत कागदपत्रांत क्वचितच नोंदली जाते अशा समाजाने, या कथेच्या रूपाने स्मरणात जपला. देऊळ फिरले, हे इतिहासाचे विधान होऊ शकत नाही. भक्ताला देवळाबाहेर ठेवणारी व्यवस्था होती आणि लोकांना ती अन्याय्य वाटली, हे विधान मात्र होऊ शकते. कथेची नोंद व घटनेची नोंद वेगळी ठेवून दोहोंचे मोल करणे, यातच इतिहासकाराची कसोटी आहे.