पुराचे माप, गरजेचे माप

नाशिकला गोदावरीचा पूर मोजायला फूटपट्टी लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, एवढे कळले की जुना नाशिककर काय ते समजतो. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ सालचे पूर तो याच मापाने सांगतो. परंतु हे माप नदीचे झाले. घराघरांतील गरजेचे नव्हे.

त्यासाठी आपल्याकडे आहे तलाठ्याचा पंचनामा. भिंत पडली, धान्य भिजले, हे पंचांच्या साक्षीने त्यात लिहिले जाते. मात्र तो मुळात नुकसानीचा हिशेब. सराफ बाजारातील दुकानदाराजवळ निदान वह्या-पावत्या असतात. घाटावर फुले विकणारीची टोपलीच वाहून गेली, तर तिने दाखवावे काय?

१९९७ साली जगातील मदतसंस्थांनी ‘स्फिअर’ या नावाने किमान मानके ठरविण्याचे काम हाती घेतले. तेथे प्रश्नाचा क्रमच निराळा: आज काय हवे, हे आधी, काय गेले, हे मागाहून. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, हे त्यांतले एक माप. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले वृद्ध किती, हे पहिल्या एक-दोन दिवसांतच टिपायचे. अहवाल अपुरा राहिला तरी चालेल, पुढे दुरुस्त करता येतो. उशिरा आलेला बिनचूक अहवाल कोणाच्या कामाचा? फुलवालीला टोपलीची भरपाई उद्या मिळाली तरी चालेल. आज रात्री तिला कोरडे अंथरूण हवे असते.